दोन दारांची खोली

सातारा जिल्ह्यात फौजी माणसाचे कौतुक कुणाला सांगायला नको. घरटी एक माणूस पलटणीत, ही आमच्याकडची जुनी रीत. साताऱ्याजवळचे अपशिंगे तर ‘अपशिंगे मिलिटरी’ याच नावाने ओळखले जाते. तेव्हा माझे वडील लष्करात मेजर होते, एवढे सांगितल्याने कुणाचे डोळे विस्फारणार नाहीत. त्यांच्या पदकांविषयी लिहावे, तर ती त्यांनी आम्हां मुलांना फारशी दाखवलीच नाहीत. पेटीच्या तळाशी एका रुमालात ती बांधलेली असत. मला सांगायचे आहे ते निराळेच. लढाईवर गेलेल्या माणसांच्या गोष्टी पुष्कळ लिहिल्या गेल्या आहेत. लढाईवरून परत आलेला माणूस आपल्याच घरात राहायला कसा शिकतो, ही गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. आबांनी ही विद्या वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी शिकायला घेतली.

आबांचा जन्म १९१५ चा. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातून ते बी. ए. झाले, काही वर्षे शाळेत इतिहास शिकवला, आणि १९४२ साली, महायुद्धाच्या धामधुमीत, खडू ठेवून फौजेत गेले. बेळगावला शिक्षण घेऊन अधिकारी झाले. मराठा पलटणीबरोबर ते इटलीत होते. इटलीचा विषय निघाला की स्वतःविषयी ते अवाक्षर बोलत नसत. यशवंत घाडग्यांविषयी मात्र बोलत. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात या नाइकाची तुकडी मशीनगनच्या माऱ्यात सापडली. सगळे साथीदार पडले, तरी तो एकटा त्या गनवर चालून गेला, ती बंद पाडली आणि मग गोळी लागून पडला. दुसरे नामदेव जाधव. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी त्यांनी जखमी सोबत्यांना पाण्यातून एकेक करून पलीकडे नेले, आणि मग शत्रूच्या गनवर चाल केली. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. “हे शूर,” आबा म्हणत, “आम्ही नुसते हजर.”

पुढे फाळणी, मग काश्मीर, मग कोरिया. आबांच्या बदल्यांचा नकाशा मोठा होत गेला, आणि साताऱ्याच्या आमच्या घरात आई, आजी, मी, अक्का आणि धाकटा. वर्षातून एकदा दोन महिन्यांची रजा घेऊन आबा येत. ते यायचे म्हणजे आधी आठ दिवस घर सारवणे, गाद्यांना ऊन दाखवणे, आमच्या नखांची तपासणी. ते आले की बूटपॉलिशचा आणि तंबाखूचा वास घरभर पसरे. आम्ही ओळीने पाया पडत असू आणि मग त्यांच्याशी काय बोलावे हे कुणालाच सुचत नसे. एका रजेत, चौथ्याच दिवशी, धाकट्याने भर पंगतीत विचारले, “आई, हे पाहुणे परत कधी जाणार?” आबा खदखदून हसले. आई हसली नाही.

१९६३ साली आबा निवृत्त होऊन कायमचे घरी आले. खरी कसोटी तेव्हा सुरू झाली.

पहिल्या आठवड्यात भिंतीवर वेळापत्रक लागले. पहाटे पाचला उठणे, साडेपाचला व्यायाम, सहाला चहा. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी स्वयंपाकघर तपासायला घेतले. डाळी-साळींचे डबे उंचीप्रमाणे लावले, प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवली, आणि हळद, तिखट, जिरे-मोहरी यांना फळीवर नव्या जागा नेमून दिल्या. आई देवळातून आली, तिने फळीकडे पाहिले. एकवीस वर्षे तिने ते घर एकटीने चालवले होते. आमची आजारपणे, आजीचे शेवटचे दुखणे, गळके छप्पर, सावकाराचा तगादा, सगळे तिने निभावले आणि पत्रात दर वेळी “इकडे सर्व क्षेम” एवढेच लिहिले. ती शांतपणे म्हणाली, “तुम्ही बदलीवर आला आहात. चार्ज अजून माझ्याकडे आहे.”

आबा क्षणभर बघत राहिले. मग टाचा जुळवून म्हणाले, “बरोबर आहे. मग मला कुठली ड्यूटी?”

“मंडईत जा. वांगी आणा. किडकी नकोत.”

तेव्हापासून मंडई हे आबांचे ठाणे झाले. पहिले सहा महिने त्यांनी किडकीच वांगी आणली, कारण विकणारी बाई सांगेल त्यावर त्यांचा विश्वास आणि सांगेल त्या भावाला त्यांची मान्यता. मग हळूहळू देठ बघायला शिकले. मेथी निवडायला शिकले. दिवाळीत चकलीचा सोऱ्या फिरवणे हे त्यांचे हक्काचे काम झाले. “इटलीत मशीनगन वाहिली त्याचा उपयोग आत्ता होतोय,” असे ते म्हणत. गल्लीतली माणसे गालांत हसत. मेजरसाहेब पिशवी घेऊन मोती चौकातून चालले आहेत, हा देखावा लोकांना नवा होता. आबांना त्याचे काही वाटत नसे. रोजखर्चाची एक वही त्यांनी घातली आणि पै न् पैचा हिशेब रात्री आईला वाचून दाखवू लागले. आई डोळे मिटून ऐके. चूक सापडली की डोळे उघडी.

आमच्याशी बोलणे मात्र त्यांना जड जाई. मला वाटते, त्यांना हुकूम देता येत होता आणि ऐकता येत होता. गप्पा मारता येत नव्हत्या. त्या आल्या त्या कोरियाच्या वाटेने.

उन्हाळ्यात रात्री आम्ही गच्चीवर निजत असू. समोर अजिंक्यताऱ्याची काळी आकृती. अशा एका रात्री धाकट्याने विचारले, “आबा, कोरियात तुम्ही कुणाशी लढलात?” आबा म्हणाले, “कुणाशीच नाही. कोरियात आम्ही पहारा केला.” आणि मग त्यांनी जे सांगितले ते मला अजून जसेच्या तसे आठवते.

२७ जुलै १९५३ रोजी कोरियाचे युद्ध थांबले. पण एक तिढा सुटेना. कैद झालेल्यांपैकी बावीस हजारांहून अधिक सैनिक, चौदा हजारांवर चिनी आणि जवळजवळ आठ हजार उत्तर कोरियाचे, आपल्या देशी परत जायला तयार नव्हते. उलट बाजूलाही तीनशेहून अधिक दक्षिण कोरियन, तेवीस अमेरिकन आणि एक ब्रिटिश सैनिक घरी जायला नकार देऊन बसले होते. या माणसांना कुणी सांभाळायचे? दोन्ही पक्षांना चालेल असा देश म्हणून हिंदुस्थानचे नाव पुढे आले. स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया आणि भारत अशा पाच देशांचे मंडळ नेमले गेले. अध्यक्ष जनरल थिमय्या. पहाऱ्यासाठी आपली फौज गेली, तिचे प्रमुख आपल्या कोल्हापूरकडचे जनरल थोरात. आबा या फौजेच्या मुख्यालयात होते. दक्षिण कोरियाच्या अध्यक्षांनी आमच्या माणसांना आपल्या भूमीवर पाय ठेवू द्यायचे नाकारले, तेव्हा त्यांना जहाजावरून हेलिकॉप्टरने उचलून दोन सैन्यांच्या मधल्या निर्मनुष्य पट्ट्यात उतरवण्यात आले. तिथे तंबूंचे गाव उभे राहिले. त्याला नाव दिले, हिंदनगर.

“आणि कैद्यांना विचारायचं कसं?” अक्काने विचारले.

त्यासाठी समजावणीचे तंबू होते. एकेका कैद्याला आत आणायचे. समोर त्याच्या देशाचे अधिकारी बसलेले. ते त्याला सांगत, घरी चल, आईबाप वाट बघत आहेत, तुला कुणी शिक्षा करणार नाही. पाच देशांचे प्रतिनिधी ऐकायला बसत. आमचे शिपाई कैद्याजवळ उभे राहत. त्याला कुणी मारू नये म्हणून, आणि त्यानेही कुणाला मारू नये म्हणून. कारण कैदी थुंकत, ओरडत, खुर्च्या फेकत. बोलणे संपले की त्याने उठायचे. तंबूला बाहेर पडायला दोन दारे होती. एका दाराने गेला तर घरी. दुसऱ्याने गेला तर परत कुंपणात. कुठल्या दाराने जायचे हे त्याने ठरवायचे. या सगळ्याला नव्वद दिवसांची मुदत होती.

आबा सांगत, कुंपणाच्या आत कैद्यांचेच पुढारी होते आणि त्यांची दहशत होती. घरी जावेसे वाटणाऱ्या माणसाला दिवसा ते बोलून दाखवायची सोय नव्हती. आत खूनही झाले. म्हणून अशी माणसे रात्री निघत. अंधारात सरपटत काटेरी तारेपर्यंत येत आणि आमच्या पहारेकऱ्याला हाक मारत. “त्यामुळे रात्रीचा पहारा मोठ्या जोखमीचा,” आबा म्हणाले. “दिवसा माणूस चारचौघांसारखा बोलतो. स्वतःसारखा बोलतो तो रात्री.” एकदा आमच्या एका मेजरलाच कैद्यांनी आत ओढून धरून ठेवले. थोरातसाहेब स्वतः त्या खवळलेल्या जमावात गेले आणि बोलून बोलून त्यांना सोडवून घेऊन आले. ऑक्टोबरच्या सुरुवातीला मात्र दोन दिवस लागोपाठ आमच्या पहाऱ्याला गोळी झाडावी लागली आणि कैदी मेले. हे सांगताना आबा थांबले. बराच वेळ काही बोलले नाहीत.

शेवटी बावीस हजारांतून घरी गेले ते सहाशेहून थोडे अधिक. ऐंशीहून जास्त माणसांनी ना हा देश ना तो देश म्हटले. ती आमच्याच फौजेबरोबर हिंदुस्थानात आली. घरी न जाणाऱ्या तेवीस अमेरिकनांपैकी दोघांनी मन बदलले.

“तुम्हांला काय वाटायचं आबा? त्यांनी घरी जावं की जाऊ नये?” अक्का म्हणाली.

“मला वाटायचं, प्रत्येकानं घरी जावं,” आबा म्हणाले. “मी स्वतः घरासाठी तळमळत होतो ना. पण मला काय वाटतं त्याला तिथं किंमत नव्हती. माझं काम दारं उघडी ठेवायचं.”

अक्काचे लग्न १९६४ साली झाले. सासर खेड्यात, वाडा मोठा, माणसे वीस. नवरा नोकरीला मुंबईत. १९६६ च्या वैशाखात ती एकटीच एस. टी. ने आली. हातात ट्रंक. ओसरीवर ती ठेवून म्हणाली, “मी परत जाणार नाही.” त्याहून अधिक ती काही बोलली नाही. आईने तिला जवळ घेतले, आणि किती हलकी झाली आहे हे तिला हाताला कळले.

त्या काळी लग्न झालेली मुलगी माहेरी परत येणे म्हणजे काय होते, हे आजच्या वाचकांना सांगायला हवे. दोन दिवसांत थोरले काका गावाहून आले. “पोरगी घरात बसवलीस तर ह्या दोन पोरांना कोण मुलगी देईल?” असे त्यांनी आबांना सरळ विचारले. आबांनी अक्काला बोलावले आणि आमच्या सगळ्यांसमोर म्हणाले, “माझं मत विचारशील तर तू परत जावंस. आणखी एकदा प्रयत्न करून बघावास. हे माझं मत. ते सांगून झालं. ह्यापुढे मी ते उच्चारणार नाही.” अक्काचा चेहरा पडला. आई उठून आत गेली.

पुढच्या रविवारी सासरची मंडळी आली. सासरे, चुलत सासरे, नवरा. भाड्याची मोटार दारात उभी केली होती. आमच्या पुढच्या खोलीला दोन दारे होती. एक रस्त्याकडचे, एक माजघरात जाणारे. आबांनी पाहुण्यांना एका बाजूला बसवले, अक्काला समोर पाटावर, आणि स्वतः मधोमध खुर्ची टाकून बसले. आईला त्यांनी आधीच बजावले होते: माजघरात बसायचे, हाक मारायची नाही, रडण्याचा आवाज येऊ द्यायचा नाही. एवढा कठीण हुकूम त्यांनी तिला जन्मात दुसरा दिला नसेल. आणि घराचा चार्ज जिच्याकडे होता तिने तो पाळला.

आबा म्हणाले, “तुम्ही तिला न्यायला आला आहात. हवं तितकं समजवा. पण आवाज चढवायचा नाही, आणि तिच्या हाताला कुणी धरायचं नाही. बोलणं संपलं की ती उठेल. ह्या दारानं बाहेर गेली तर तुमची सून. ट्रंक मी स्वतः मोटारीत ठेवीन. त्या दारानं आत गेली तर माझी मुलगी. मग हा विषय पुन्हा काढायचा नाही.”

सासरे म्हणाले, “मेजरसाहेब, पोरीच्या जातीला असं विचारतात होय?”

“हजारो परक्या माणसांना विचारताना मी पाहिलंय,” आबा म्हणाले. “ही तर माझी आहे.”

तास-दीड तास बोलणे चालले. घराण्याची अब्रू निघाली, लग्नाचा खर्च निघाला, देवाधर्माच्या आणा निघाल्या. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा. दाराशी उभा होतो. अक्का मान खाली घालून ऐकत होती. शेवटी तिने मान वर केली आणि नवऱ्याला विचारले, “मी तुम्हांला सात पत्रं लिहिली. त्यांतलं एक तरी तुमच्या हाती आलं का?”

तो तिच्याकडे बघण्याऐवजी आपल्या चुलत्याकडे बघू लागला. चुलते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. अक्काने थोडा वेळ वाट पाहिली. मग ती उठली आणि माजघराच्या दाराने आत गेली. आतून एकदाच, दाबून धरलेला असा, आईचा हुंदका ऐकू आला.

आबांनी हात जोडले. “चहा घेऊन जा,” म्हणाले. कुणी चहा घेतला नाही.

त्या रात्री अक्काला झोप लागेना. पाणी प्यायला ती उठली, तर पुढच्या खोलीत आबा त्याच खुर्चीवर बसलेले. कंदील बारीक केलेला. रस्त्याकडच्या दाराची कडी काढलेली. तिला वाटले, सासरची माणसे पुन्हा येतील या भीतीने ते जागत आहेत. तसे तिने विचारले. आबा म्हणाले, “ते नाही येणार. पण दिवसा चारचौघांत घेतलेला निर्णय रात्री माणसाला टोचतो. तुला परत जावंसं वाटलं, तर दार लावलेलं नको. सांगायलाही नको. मी सोबत येईन.”

ही हकिकत अक्काने मला पुष्कळ वर्षांनी सांगितली. आणि हेही सांगितले, की त्यानंतर तीन महिने आमच्या पुढच्या दाराला रात्री आतून कडी लागली नाही. तिने दिवस मोजले होते. नव्वद झाले तेव्हा एका रात्री कडी वाजल्याचा आवाज तिने अंथरुणात ऐकला, आणि लग्नानंतर पहिल्यांदा ती गाढ झोपली.

याची किंमत द्यावी लागली नाही असे नाही. थोरले काका चार वर्षे आमच्या घरी जेवले नाहीत. जी माणसे आबांना रस्त्यात थांबवून नमस्कार करीत, त्यांतली काही पलीकडच्या कडेने जाऊ लागली. रीतसर सोडचिठ्ठी व्हायला वेळ लागला. आबा पिशवी घेऊन मंडईत जातच राहिले. अक्का डी. एड. झाली, शाळेत लागली, आणि २००० साली मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली. ‘तू केलंस ते बरोबर केलंस’ असे आबा तिला कधीही म्हणाले नाहीत. मी एकदा त्याबद्दल त्यांना विचारले. ते म्हणाले, “बरोबर की चूक ते तिचं तिला ठाऊक. पहारेकऱ्यानं शाबासकी द्यायची नसते. मग पुढच्या वेळी माणूस शाबासकीच्या दारानं जातो.”

फौजेतल्या माणसाला घरात रमता येत नाही, अशी एक समजूत आहे. आबांकडे बघून मला वाटते, की फौजेत शिकलेले सगळेच घरी टाकून द्यायचे नसते. काय टाकायचे आणि काय ठेवायचे हे कळले पाहिजे. डब्यांच्या चिठ्ठ्या त्यांनी आईच्या एका शब्दासरशी काढून टाकल्या. पहारा मात्र ठेवला. आपले मत असावे, ते स्वच्छ बोलावे, आणि तरीही दुसऱ्याच्या दारात आडवे पडू नये, हे संसारात भल्या भल्यांना साधत नाही. ज्यांनी मुलांना जन्मभर जवळ ठेवले अशा कित्येक बापांना ते साधलेले मी पाहिले नाही. वर्षातून दोन महिने पाहुणा म्हणून आलेल्या या माणसाला साधले.

आबा १९९४ साली गेले. संध्याकाळी हिशेब वाचून दाखवला आणि पहाटे उठले नाहीत. तेराव्यानंतर आम्ही भावंडे आईजवळ बसलो होतो. कुणीतरी म्हणाले, सगळे आयुष्य देशासाठी गेले त्यांचे. आई बोटांवर काहीतरी मोजत होती. म्हणाली, “एकवीस वर्षं सरकारची. घरी आले त्याला एकतीस झाली.” मग जरा थांबून, रोजखर्चाची ती वही पुढे ओढत म्हणाली, “दहा वर्षं माझी जास्त आहेत.”